भाकीत करणारा मेंदू की देहात रुजलेलं मन: एकच धरायचं असेल तर

दोन्हीकडचं प्राथमिक वाचन ज्यांचं झालं आहे आणि आता एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी, फिजिओथेरपीच्या प्रकल्पासाठी किंवा शाळेच्या विज्ञान मंडळाच्या वर्षभराच्या कामासाठी ज्यांना एक बाजू धरायची आहे, त्यांच्यासाठी हे आहे. तुमच्याकडे ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरी टिपणारं यंत्र) नाही, डोळ्यांची हालचाल टिपणारं यंत्र नाही, आणि नागपूर-अमरावतीच्या प्रयोगशाळा एसटीने अर्धा दिवस खातात, असं मी धरतो. तुमच्याकडे आहे ते वावर, मोजायचा टेप, चुना, मोबाइलचा कॅमेरा आणि किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा. निवड करताना हे आधी ध्यानात घ्या, कारण पुस्तकात दोन्ही सिद्धांत सारखेच देखणे दिसतात. फरक कळतो तो काम सुरू केल्यावर, आणि तोवर दोन डगरींवर पाय असले तर वर्ष हातचं जातं.

सोयीसाठी एकाला भाकितपक्ष म्हणू. त्याचं म्हणणं, मेंदू आधी अंदाज बांधतो आणि इंद्रियांच्या संकेताशी जी तफावत पडते तिच्यावरून तो दुरुस्त करतो: हेल्महोल्ट्झचं नकळत होणारं अनुमान, दृश्य कॉर्टेक्सचं (मेंदूतल्या पाहण्याच्या भागाचं) राव आणि बॅलार्ड यांचं १९९९चं मॉडेल, फ्रिस्टन यांची मुक्त ऊर्जा (ही तफावत कमीत कमी ठेवण्याचं तत्त्व), आणि हे सगळं ऐसपैस मांडणारे क्लार्क व होवी. दुसरा देहपक्ष. त्याचं म्हणणं, मन घडतं ते शरीराच्या हालचालीतून आणि भोवतालाशी चालणाऱ्या व्यवहारातून: गिब्सन, व्हरेला-थॉम्प्सन-रॉश, ब्रूक्सचे रोबोट, ओ'रीगन आणि नोए. अँडी क्लार्क दोन्ही वंशावळींत सापडतात. मन कवटीच्या बाहेर पसरतं असं चाल्मर्स यांच्यासोबत १९९८ मध्ये म्हणणारे तेच, आणि २०१३ मध्ये मेंदूला भाकिताचं यंत्र ठरवणारेही तेच. त्यामुळे ‘शेवटी दोन्ही एकच आहे’ म्हणणारे मार्गदर्शक भेटले तर ते अगदीच चुकीचे नाहीत. पण प्रबंधात एका वेळी एकच गृहीतक तपासता येतं.

जागलीवर भाकितपक्ष भारी

हरभरा घाट्यावर आला की रानडुकरं आणि रोह्यांपायी जागली सुरू होते. माळ्यावर बसलेल्या माणसाला धुऱ्यावरचं बोरीचं झुडूप हललं की डुक्कर दिसतं. ‘डुक्कर असावं’ अशी शंका नंतर येते. आधी डुक्कर दिसतंच. बॅटरी मारली की झुडूप. भाकितपक्षाला याहून सोयीचं उदाहरण मिळायचं नाही, आणि ते आकड्यांत मांडता येतं हे त्या पक्षाचं खरं बळ.

समजा त्या हालचालीच्या अंतराचा पूर्वअंदाज ३० मीटर आहे आणि त्यातलं प्रमाण विचलन, म्हणजे चुकीचा पसारा, ५ मीटर. अंधारात डोळा सांगतो ५० मीटर, पण त्याचं विचलन १० मीटर. प्रिसिजन, ज्याला मी इथे भरवसा म्हणतो, तो विचलनाच्या वर्गाचा व्यस्त असतो: १/२५ म्हणजे ०.०४ आणि १/१०० म्हणजे ०.०१. वजनं पडली ०.८ आणि ०.२, उत्तर आलं ३४ मीटर. बॅटरी लावली, डोळ्याचं विचलन २ मीटरवर उतरलं, तर त्याचा भरवसा ०.२५ होतो आणि उत्तर सरकून ४७ मीटरच्या आसपास जातं. झुडूप तिथेच आहे, पूर्वअंदाजही तोच; कोणावर किती भरवसा ठेवायचा एवढंच बदललं. एवढी आकडेमोड बारावीच्या मुलाला जमते. फ्रिस्टन यांची समीकरणं वाचताना हाच धागा हातात ठेवला तर वाट चुकत नाही.

रात्री वावरात प्रयोग मात्र करू नका. ज्या पट्ट्यात वाघ-बिबट आहे तिथे तर नाहीच. तेच घरात करता येतं. बाजारातला प्लास्टिकचा चेहऱ्याचा मुखवटा घ्या. (महालक्ष्म्यांचे मुखवटेही आतून पोकळ असतात, पण ते मागायला जाऊ नका.) डोळ्यांची भोकं मागून कागदाने बुजवा आणि आतली बाजू एकाच फिक्या रंगाच्या डिस्टेंपरने रंगवा. ऑइल पेंट लावला तर चकाकीचे ठिपके पोकळी उघडी पाडतात. पोकळ बाजू समोर येईल असा तो काळ्या कापडापुढे, डोळ्यांच्या उंचीवर टांगा आणि दिवा खालून द्या. उजेड वरून येतो असं मेंदू धरून चालतो, त्यामुळे खालून उजळलेली पोकळी वरून उजळलेल्या उंचवट्यासारखी दिसते. पाहणाऱ्याला ४ मीटरवर एक डोळा झाकून उभा करा आणि सावकाश पुढे यायला सांगा. फुगीर चेहरा मोडून पोकळ दिसला की तिथे चुन्याची खूण करा. मग दोन्ही डोळ्यांनी, मग मुखवटा उलटा टांगून. दोन्ही डोळ्यांनी भ्रम लांबूनच मोडतो, कारण दोन डोळ्यांतल्या फरकाने खोली कळते. उलट्या चेहऱ्याचाही लवकर मोडतो, कारण तसा चेहरा सवयीचा नाही. तीन अटी, अंतर सेंटिमीटरमध्ये, खर्च शंभर-दोनशे रुपये.

देहपक्षाला इथे धड उत्तर देता येत नाही. डोकं डावी-उजवीकडे हलवलं की खरं काय ते शरीराला कळायला हवं, असं त्या पक्षाचं म्हणणं असायला हवं. प्रत्यक्षात लांबून डोकं हलवलं तर तो चेहरा उलट तुमच्यामागे वळत राहतो. स्किझोफ्रेनियाच्या काही रुग्णांना हा भ्रम कमी होतो असंही आढळलं आहे. मनोविकार, भास, औषधाविना येणारा आराम या दिशेने जायचं असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल: भाकितपक्ष घ्या.

एकाच खेळात दोघे

क्रिकेटमध्ये दोन्ही सिद्धांत एकाच मैदानावर भेटतात. फलंदाज भाकितपक्षाचा. लँड आणि मॅक्लाउड यांनी २००० साली फलंदाजांच्या डोळ्यांची हालचाल टिपली. चेंडू सुटताना नजर त्यावर असते, पण नंतर ती उडी मारून टप्पा पडणार त्या जागी आधीच जाऊन थांबते, आणि चांगला फलंदाज ही उडी लवकर मारतो. चेंडू तिथे पोचलेला नसतो.

उंच झेल घेणारा क्षेत्ररक्षक देहपक्षाचा. चॅपमन यांनी १९६८ मध्ये दाखवलं की चेंडू सरळ तुमच्या रेषेत येत असेल तर कुठे पडणार याचं गणित करायची गरज नाही. नजरेच्या चढत्या कोनाचा टॅन्जंट एकसारख्या गतीने वाढत राहील असं धावायचं. वाढ मंदावली तर चेंडू पुढे पडणार, पुढे या. वाढ वेगावली तर डोक्यावरून जाणार, मागे व्हा. धावणं हाच गणिताचा भाग. याचा एक तपासण्याजोगा परिणाम असा की जागीच उभ्या माणसाला चेंडू कुठे पडेल हे नीट सांगता येऊ नये, आणि दोन पावलं टाकू दिली की सांगता यावं. औदेजान्स व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये साधारण हेच पाहिलं.

हा प्रयोग पऱ्हाटी उपटून मोकळ्या झालेल्या वावरात करता येतो. ढेकळं असतील तर आधी वखर फिरवा, नाहीतर पळणाऱ्याची नजर पायाकडे जाते. फेकणारा ३० मीटरवर. एवढ्या अंतरासाठी चेंडू हवेत सुमारे अडीच सेकंद राहतो. हातातून सुटल्यावर एका सेकंदाने शिटी. शिटीसरशी झेलणाऱ्याने टोपी डोळ्यांवर ओढायची आणि ‘पुढे’ किंवा ‘मागे’ म्हणायचं. अर्ध्या वेळा जागेवर उभं राहून, अर्ध्या वेळा शिटीपर्यंत पळायची मुभा. कोणती अट आधी हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. एका जणाचे निदान ४० फेके घ्या. बाजूला गेलेले फेके टाकून द्यायचे हे आधीच लिहून ठेवा, नंतर ठरवू नका.

बिघडतं ते पुढच्या ठिकाणी. फेकणाऱ्याचा खांदा दिसला की झेलणारा चेंडू सुटायच्या आधीच अंदाज बांधतो, म्हणून फेकणाऱ्यापुढे ताडपत्री उभी करा, चेंडू तिच्यावरूनच दिसला पाहिजे. संध्याकाळी ऊन डोळ्यावर येतं, तेव्हा रेषा उत्तर-दक्षिण धरा. फाल्गुनानंतर दुपारचा वारा सगळं वाया घालवतो; सकाळी नऊच्या आत उरका. चेंडू झिजून गुळगुळीत झाला की लांब जातो, तेव्हा सगळे चेंडू एकाच झिजेचे ठेवा. आणि ताडपत्री काढून तोच प्रयोग पुन्हा केला तर भाकिताचा वाटा किती हेही वेगळं कळतं. असा दुहेरी उपयोग असलेले प्रयोग थोडे. मला हा फार आवडतो.

जिथे निवडीने काही अडत नाही

रबरी हाताचा भ्रम, म्हणजे समोरचा खोटा हात आपलाच वाटू लागणं, बॉट्विनिक आणि कोहेन, १९९८. फवारणीसाठी मिळणाऱ्या पातळ हातमोज्यांची कोरी जोडी घ्या. वापरलेली अजिबात नको. धुऊनही औषध जात नाही. एका मोज्यात रुई भरा, दुसरा खऱ्या हातात घाला. खरा हात पुठ्ठ्याआड, खोटा समोर, दोन्हींत वीसेक सेंटिमीटर अंतर, बोटं एकाच दिशेला. दोन सारख्या रंगाच्या ब्रशांनी दोन्ही हातांना एकाच वेळी, एकाच बोटावर, एकाच दिशेने फिरवा. मोबाइलचं साधं चित्रण सेकंदाला ३० फ्रेमचं असतं, म्हणजे एक फ्रेम ३३ मिलिसेकंद. एकत्र ब्रश दोन-तीन फ्रेमच्या आत पडले पाहिजेत. तुलनेसाठीचे मागेपुढे ब्रश १५ फ्रेम किंवा जास्त अंतराने. ही तुलना गाळली तर निकाल कवडीमोल, कारण लोक तुम्हाला हवं ते ओळखून तसं सांगतात. २०२० मध्ये लश व सहकाऱ्यांनी दाखवलं की सूचनेला लवकर बळी पडणाऱ्यांत हा अनुभवही अधिक जोरात येतो.

भाकितपक्ष म्हणतो, दिसणं आणि जाणवणं यांचा मेळ बसवायला मेंदू हाताची जागा बदलतो. देहपक्ष म्हणतो, देहाची हद्दच अनुभवातून घडते. निकाल दोघांनाही चालतो. म्हणून प्रबंधासाठी हा विषय घेऊ नये असं माझं मत आहे, कितीही मजेदार असला तरी.

मळणी यंत्रात हात गेलेल्या माणसाच्या नसलेल्या हातातलं दुखणं हेही तसंच. रामचंद्रन यांनी नव्वदीच्या दशकात आरसा वापरला: धड हाताचं प्रतिबिंब नसलेल्या हाताच्या जागी दिसतं. २००७ मध्ये छापलेल्या एका चाचणीत पाय गमावलेल्यांना रोज १५ मिनिटं, चार आठवडे आरशापुढे बसवलं, त्यांचं दुखणं झाकलेल्या आरशापुढे बसलेल्यांपेक्षा कमी झालं. आरसा दीड बाय दोन फुटांचा पुरतो. धड हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवायचं, कारण नसलेल्या हातात ते दिसलं की आरशातला हात परका वाटतो. हालचाल सावकाश. दुखणं वाढलं किंवा गरगरलं तर थांबायचं, आणि हे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीतच. कोणताही सिद्धांत धरा, व्यायाम बदलत नाही. उपचार हेच तुमचं काम असेल तर सिद्धांताच्या निवडीवर फार वेळ घालवू नका.

जे डाचलं

आता ज्या एका गोष्टीने माझ्यापुरता काटा कलला, ती. पुठ्ठ्याचे दोन चौकोनी खोके करा, एक १० सेंटिमीटर बाजूचा, दुसरा २० सेंटिमीटरचा, दोन्हींवर तोच खाकी कागद. दोन्हींचं एकूण वजन ६०० ग्रॅम, काट्यावर ५ ग्रॅमच्या आतबाहेर. वाळू पिशवीत घट्ट बांधून खोक्याच्या मधोमध ठेवा आणि भोवती रुई ठासा. वाळू मोकळी ओतली तर ती तळाशी बसते, हलते, आवाज करते, आणि उचलणारा वजनाऐवजी आवाज जोखतो. खोके तळहातावर ठेवून जोखायला द्या. दोरीने उचलले तरी होतं, पण परिणाम सौम्य होतो, कारण आकार हाताला कळत नाही.

लहान खोका जड लागतो, चांगलाच जड. काट्यावर दोन्ही सारखे दाखवा, परत जोखायला द्या, तरी लहानच जड. शार्पांतिए यांनी हे १८९१ मध्ये नोंदवलं.

आता जागलीची आकडेमोड इथे लावा. पूर्वअंदाज: मोठी वस्तू जड. हाताचा संकेत: दोन्ही सारख्या. भरवशाने वजन देऊन सरासरी काढली तर मोठा खोका किंचित जड लागायला हवा. लागतो उलट. मुखवट्यात अपेक्षेने अनुभवाला आपल्याकडे ओढलं, इथे अपेक्षेने अनुभवाला दूर ढकललं, आणि दोन्हींचं कारण एकच सांगितलं जातं: भाकीत. विचारलं तर उत्तर येतं की मुखवट्यात पूर्वअंदाजाचा भरवसा जास्त होता आणि खोक्यांत तफावतीचा. बरं, मग तफावत मिटली की भ्रम मिटावा. फ्लॅनगन आणि बेल्टझ्नर यांनी २००० मध्ये तेच पाहिलं: काही वेळा उचलल्यावर बोटांचा जोर दोन्ही वस्तूंसाठी खऱ्या वजनाला जुळतो, म्हणजे हाताचं भाकीत दुरुस्त झालं, पण भ्रम तसाच राहिला. यावर उत्तर: ती तफावत दुसऱ्या पातळीवरची.

घनतेबद्दलचा पूर्वअंदाज घालून हा भ्रमही बेझच्या नियमात (पूर्वअंदाज आणि संकेत जोडायचा जागलीतला तोच नियम) बसवणारी मॉडेलं आहेत, आणि ती हुशारीने केलेली आहेत, हे मान्य. पण बसवली ती भ्रम कळल्यावर. मोजणी झाल्यावर धुऱ्याचा दगड सरकवावा तसा हा भरवसा निकालानंतर सरकतो, आणि ज्याच्याकडे मेंदूचं मापन नाही त्याला तो सरकला हे सिद्धही करता येत नाही. अंधारी खोली हा प्रसिद्ध आक्षेप (तफावत टाळायची तर प्राणी अंधारात गप्प का बसत नाही?) मला तेवढा खुपत नाही, भूक-तहान असलेला प्राणी अंधारात बसायची अपेक्षाच करत नाही, हे उत्तर चालण्यासारखं आहे. मुक्त ऊर्जेचं तत्त्व स्वतः खोटं ठरवता येत नाही हे फ्रिस्टनही सांगतात, त्यातही गैर नाही. गणिती तत्त्वं तशीच असतात. डाचतं ते हे सरकतं वजन.

न्याय करायचा तर हेही सांगायला हवं की अर्न्स्ट आणि बँक्स यांनी २००२ मध्ये हा दगड आधी रोवून दाखवला. नजरेचं विचलन वेगळं मोजलं, स्पर्शाचं वेगळं मोजलं, आणि दोन्ही एकत्र दिल्यावर उत्तर किती येईल हे त्यावरून काढलं. ते जुळलं. भाकितपक्षाचा कुठलाही शोधनिबंध हातात आला की आधी एवढंच पाहा: भरवसा वेगळा, आधी मोजला होता का? नसेल तर पुढचं सावकाश वाचा.

देहपक्षाकडे टेप चालतो

त्याच हाताच्या प्रांतात देहपक्ष काय करतो ते पाहा. बैलाच्या तुतारीएवढ्या, ८० सेंटिमीटरच्या दोन सारख्या बांबूच्या काड्या घ्या. दोन्हींना १०० ग्रॅमचं वजन बांधा, एकीला मुठीपासून २० सेंटिमीटरवर, दुसरीला ७० सेंटिमीटरवर. पडद्याआड हात घालून, न बघता, मनगटाने हलवायला द्या आणि काडी किती लांब वाटते ते पडद्याबाहेर टेपवर बोटाने दाखवायला सांगा. टर्वी आणि सहकाऱ्यांच्या कामाप्रमाणे माणूस इथे काडीची फिरवायला होणारी आडकाठी, म्हणजे जडत्वाघूर्ण जोखतो. तो वजन गुणिले अंतराचा वर्ग असतो. पहिल्या काडीवर बांधलेल्या वजनाचा ०.००४, दुसरीवर ०.०४९ किलोग्रॅम-मीटर वर्ग, म्हणजे बारा पट. काडीचा स्वतःचा दोन्हीकडे सारखाच. एकूण वजन सारखं, लांबी सारखी, तरी दुसरी लांब वाटली पाहिजे. नाही वाटली तर सिद्धांत अडचणीत.

फरक इथे आहे. बारा पट हा आकडा माणूस बोलवायच्या आधीच वहीत लिहिलेला असतो, टेप आणि काट्यावरून काढलेला. निकालानंतर तो हलवायला जागा नाही. काडी जमिनीला टेकू देऊ नका, कोपर टेबलावर टेकवून फक्त मनगट फिरू द्या, वजन चिकटपट्टीने घट्ट बांधा. सैल वजन सरकलं की सगळी आकडेमोड गेली. मुठीची जागा रंगाने आखा, कारण माणूस नकळत मूठ पुढे सरकवतो आणि चार सेंटिमीटर सरकली तरी वर्गामुळे फरक मोठा पडतो.

खोक्यांच्या भ्रमालाही देहपक्षाचं एक उत्तर आहे. झू आणि बिंगहॅम यांच्या मते सारखं जड लागणं म्हणजे फेकायला सारखं सोयीचं असणं. प्रत्येक आकारातली जी वस्तू सर्वांत लांब जाईल असं हाताला वाटतं, त्या वस्तू एकमेकींशी सारख्या जड लागतात, आणि त्या खरंच लांब जातात. जुन्या लुगड्याच्या कापडाचे १२ चेंडू शिवा: ६, ९ आणि १२ सेंटिमीटर व्यासाचे, प्रत्येक आकारात ६०, ९०, १२० आणि १५० ग्रॅम, आत वाळूची पुरचुंडी आणि रुई. आधी निवड करवून घ्या, मग फेकून टेपने मोजा, एका चेंडूचे तीन फेके आणि मध्ये विश्रांती, नाहीतर खांदा भरतो आणि शेवटचे चेंडू उगाच जवळ पडतात. फेकायची सवय नसलेल्यांना ही निवड जमत नाही आणि फेकायला शिकल्यावर जमते, असंही त्यांना आढळलं. ज्वारीवरची पाखरं ढेकळांनी हाकणारी पोरं आणि कधी न फेकलेली पोरं अशी तुलना आपल्याकडे सहज होईल. या उत्तरावरही आक्षेप आहेत: फेकताच येणार नाहीत एवढ्या मोठ्या वस्तूंतही हा भ्रम होतो. पण आक्षेप घेता येतो, हीच तर सोय.

देहपक्षाचे खड्डेही थोडे नाहीत. पहिला, नावाचा. ‘देहधारी मन’ या पाटीखाली बरंच हलकं सामान विकलं गेलं. दातांत पेन धरला की हसू येतं आणि व्यंगचित्र जास्त गमतीचं वाटतं, हा १९८८चा प्रयोग १७ प्रयोगशाळांनी मिळून पुन्हा केला. २०१६ मध्ये छापलेल्या निकालात परिणाम उभा राहिला नाही. गरम पेला हातात दिला की माणसं प्रेमळ वाटतात, त्याचीही तीच गत. त्या फांदीवर चढू नका. गिब्सन-टर्वी-बिंगहॅम या खोडाला धरा.

दुसरा खड्डा खोल आहे. समोर नसलेल्या गोष्टीचा विचार. पुढच्या हंगामात सोयाबीन घ्यावं की तूर, याचा हिशेब उन्हाळ्यात ओट्यावर बसून होतो, तेव्हा ना बी हातात असतं ना ओल. देहपक्ष यावर जे सांगतो ते मला अजून पटलेलं नाही. आठवण, नियोजन, स्वप्न हा तुमचा विषय असेल तर हा पक्ष तुम्हाला अर्ध्या वाटेत सोडेल.

तिसरा, तत्त्वज्ञानाचा. व्हरेला-थॉम्प्सन-रॉश यांच्या १९९१च्या मांडणीत नागार्जुनाच्या मध्यमक विचाराचा मोठा भाग आहे. आपल्याकडच्या बौद्ध घरांतल्या विद्यार्थ्यांना ही प्रकरणं परकी वाटत नाहीत, उलट इतरांपेक्षा लवकर कळतात, असं माझ्या पाहण्यात आहे. तत्त्वज्ञानाच्या प्रबंधासाठी तिथे भरपूर आहे. पण त्यातून मोजता येणारं गृहीतक काढायला बसलात तर सहा महिने कुठे गेले कळत नाही.

मग कोणी काय घ्यावं

मनोविकार, वेदना, भास, निर्णय यांत जायचं असेल, किंवा पुढे मोठ्या शहरात प्रयोगशाळा मिळणार असेल, तर भाकितपक्ष. त्यासाठी संभाव्यता आणि थोडं कॅल्क्युलस पक्कं करा, आणि मुखवट्यापासून सुरुवात करा. हालचाल, अवजार, खेळ, शेतीतलं हातकाम यांत रस असेल आणि जे आहे ते गावातच करायचं असेल, तर देहपक्षाकडे पाहावं असं मला वाटतं. माझ्या अनुभवाने वर्षाच्या शेवटी या बाजूच्या मुलांच्या वहीत आकडे असतात, त्या बाजूच्यांच्या वहीत आकृत्या. हे मोजलेलं नाही, आणि अपवाद आहेत.

मार्गदर्शकांनी भाकितपक्षच घ्या असा आग्रह धरला तर वाद घालू नका. मुखवट्याचा प्रयोग घ्या, पण त्याआधी प्रत्येकाचा एका डोळ्याने आणि दोन डोळ्यांनी खोली ओळखण्यातला चुकीचा पसारा वेगळा मोजा. दोन उभ्या काड्या, एक ३ मीटरवर स्थिर, दुसरी दोरीने मागेपुढे सरकणारी, आणि दोन्ही एका रेषेत आणायला सांगायचं. मधल्या पुठ्ठ्याच्या खिडकीतून काड्यांची टोकं आणि बुडं दिसता कामा नयेत, नाहीतर डोळा खोली सोडून उंची पकडतो. प्रत्येक अटीला २० वेळा लावून विचलन काढा, त्याचा वर्ग करा, व्यस्त घ्या, आणि ज्याचा भरवसा जास्त त्याचा भ्रम किती लांबून मोडेल याचा क्रम लावा. तो कागद मुखवटा टांगायच्या आदल्या दिवशी मार्गदर्शकांच्या सहीने पाकिटात बंद करून ठेवा.